एका थेंबाचा हिशेब

दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी ठरली, की परिचारिका सुमारे तासभर आधी त्याच्या डोळ्यांत थेंब घालायला लागते. हे थेंब बाहुली मोठी करण्यासाठी असतात. बाहुली पुरेशी उघडल्याशिवाय दृष्टिपटलाच्या कडा दिसत नाहीत, आणि ज्या आजाराच्या शोधात डॉक्टर आलेले असतात तो बहुधा त्या कडांच्या बाजूलाच पहिल्यांदा दिसतो. थेंबांशिवाय तपासणी होऊ शकत नाही, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या थेंबाकडे पाहण्याच्या आपल्या नजरेबद्दल. शिरेतून द्यायच्या औषधाचे मिलिग्रॅम वजनाप्रमाणे काढले जातात, ते दुसऱ्याकडून तपासून घेतले जातात आणि केसपेपरवर वेळेसकट लिहिले जातात. डोळ्याच्या थेंबांबाबत मात्र ‘दोन्ही डोळ्यांत एकेक, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा’ एवढे सांगून भागते. एक किलो वजनाच्या बाळाला हा फरक परवडत नाही. थेंब घातलेच पाहिजेत, पण घालताना त्यांचा हिशेब इंजेक्शनाइतकाच काटेकोर हवा, असे उपलब्ध पुरावा पाहता म्हणावे लागते.

आजाराचे नाव रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. बोलताना सगळे ‘आरओपी’च म्हणतात. गर्भात साधारण सोळाव्या आठवड्यापासून दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या पसरू लागतात. त्या मध्यापासून कडेकडे वाढत जातात आणि कानाच्या बाजूच्या कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण चाळीस आठवडे घेतात. बाळ अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात बाहेर आले तर ही वाढ अर्धवट राहते, आणि बाहेरचा प्राणवायू, जंतुसंसर्ग, वजन नीट न वाढणे अशा कारणांनी तिची दिशाच बिघडू शकते. वेड्यावाकड्या फुटलेल्या वाहिन्या पुढे दृष्टिपटलाला ओढून सोडवू शकतात आणि बाळ कायमचे आंधळे होऊ शकते. वेळेत सापडले तर लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनाने बहुतेकांची नजर वाचते, पण ही वेळ फार थोडी असते. उपचाराची गरज दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत तो व्हावा असा दंडक आहे. २०२० साली भारतात सुमारे तीस लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी जन्मानंतर महिनाभरात व्हायला हवी, आणि फारच लहान बाळांची त्याहून आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. अमेरिकेत ही मर्यादा तीस आठवडे आणि दीड किलो आहे. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा आजार गंभीर रूपात होताना दिसतो, म्हणून आपले जाळे मोठे. तपासणी चुकली तर काय होते याचा एक निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. १९९६ मध्ये जन्मलेल्या आणि तपासणीचा सल्लाच न मिळाल्याने अंध झालेल्या मुलीच्या कुटुंबाला सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तेव्हा या लेखातला कुठलाही शब्द तपासणी टाळण्याच्या बाजूने वाचू नये.

आता थेंब. त्यात साधारणपणे दोन प्रकारची औषधे असतात. ट्रोपिकामाइड किंवा सायक्लोपेन्टोलेट हे बाहुली आवळणाऱ्या स्नायूला सैल करतात. फिनाइलएफ्रिन हे बाहुली उघडणाऱ्या स्नायूला आवळते. दोन्ही मिळून बाहुली चांगली उघडते. पण या औषधांना फक्त डोळा ओळखता येतो असे नाही. पहिल्या गटातली औषधे ज्या संदेशवाहकाचा मार्ग अडवतात, तोच संदेशवाहक जठर आणि आतड्यांना हलते ठेवतो. फिनाइलएफ्रिन तर शरीरभरच्या बारीक धमन्या आवळणारे औषध आहे. भूल दिलेल्या मोठ्या माणसाचा रक्तदाब घसरला की भूलतज्ज्ञ हेच औषध शिरेतून देतात, आणि ते एका वेळी एक मिलिग्रॅमच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्याएवढे असते. थेंब डोळ्यात पडला की त्यातला थोडाच भाग तिथे मुरतो. बाकीचा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि नाकाच्या पातळ अस्तरातून सरळ रक्तात जातो. गिळलेल्या गोळीचे औषध आधी यकृतातून जाते आणि तिथे त्याचा बराचसा भाग निकामी होतो, पण या वाटेवर यकृताचा तो पहिला पहारा लागत नाही. गालावर ओघळलेला भागही वाया जात नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ असते, की थेंब सांडला तिथे पापण्यांभोवती पांढरटपणा उमटलेला कित्येकदा दिसतो. फिनाइलएफ्रिनने त्या जागच्या रक्तवाहिन्या आवळल्याची ती खूण असते.

किती औषध जाते याचे गणित कुणीही मांडू शकेल, आणि ते मांडल्यावर विषय अंगाला येऊन भिडतो. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या मिश्र थेंबांत फिनाइलएफ्रिन पाच टक्के आणि ट्रोपिकामाइड ०.८ टक्के असते. बाटली मोठ्या माणसांसाठी बनवलेली आहे. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम. बाटलीतून पडणारा थेंब तीस ते पन्नास मायक्रोलीटरचा असतो. चाळीस धरला तर प्रत्येक थेंबात दोन मिलिग्रॅम फिनाइलएफ्रिन. दोन्ही डोळ्यांत तीन वेळा घातले की बारा मिलिग्रॅम. बाळाचे वजन एक किलो, त्याच्या अंगातले एकूण रक्त पाऊण वाटीहूनही कमी, नव्वद मिलिलिटरच्या आसपास. हे बारा मिलिग्रॅम सगळेच्या सगळे रक्तात जात नाहीत, पुष्कळसे बाहेर सांडते. पण दहावा हिस्सा जरी आत गेला तरी ते मोठ्या माणसाला शिरेतून एका वेळी देतात त्याच्या बारापट भरते, आणि हे माणूस साठपट लहान आहे. एवढ्यासाठीच नवजात बाळांकरिता हे थेंब कृत्रिम अश्रूंत मिसळून निम्म्या ताकदीचे करण्याची पद्धत आहे, म्हणजे अडीच टक्के. दहा टक्क्यांचे फिनाइलएफ्रिन तर चौपट पातळ केल्याखेरीज या बाळांच्या जवळ नेऊ नये, असे नवजात तज्ज्ञांच्या सूचना सांगतात. ॲट्रोपिनचा परिणाम कित्येक दिवस टिकतो म्हणून तेही वर्ज्य.

या भीतीला आधार आहे का? १९७३ मध्येच अमेरिकेतल्या ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात दहा टक्के फिनाइलएफ्रिन डोळ्यांत घातलेल्या कमी वजनाच्या बाळांचा रक्तदाब चढल्याची नोंद आली. त्यानंतर दहा टक्क्यांचा वापर मागे पडत गेला. १९८५ मध्ये शर्विन आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सायक्लोपेन्टोलेटचा जठरावरचा परिणाम मोजला. अर्ध्या टक्क्याच्या थेंबांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या जठरातले आम्ल घटले, पाव टक्क्याच्या थेंबांनी ते घटले नाही. म्हणजे औषध तेच आणि डोळा तोच, फक्त प्रमाण निम्मे केले तर पोटावरचा तो परिणाम दिसेनासा झाला. मला या सगळ्या साहित्यात हा निष्कर्ष सर्वांत बोलका वाटतो, कारण थेंब सुरक्षित की धोकादायक, हा प्रश्नच तो मोडीत काढतो आणि त्या जागी किती, हा प्रश्न ठेवतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर दूध जठरातून पुढे सरकण्याचा वेग मंदावल्याचे दिसले. याशिवाय वेळोवेळी एकेका रुग्णाच्या कहाण्या छापून आल्या आहेत: बाळ श्वास घ्यायला विसरणे, हृदयाचे ठोके मंदावणे, पोट फुगणे, नळीतून दिलेले दूध न पचणे, आणि क्वचित आतड्याला सूज येऊन ते सडण्यापर्यंत मजल जाणे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. श्वास थांबला, ठोके पडले, प्राणवायूची पातळी उतरली, पण हे थेंबांमुळे कशावरून? तपासणीत पापण्या तारेच्या साधनाने ताणून धरतात, बारीक उपकरणाने डोळा दाबून फिरवतात, प्रखर उजेड टाकतात. डोळ्यावर दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही तर शरीराची ठरलेली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. शिवाय अशी बाळे तपासणी नसलेल्या दिवशीही श्वास विसरतातच. आक्षेप बराचसा खरा आहे. तपासणीच्या त्या दोन-चार मिनिटांत जे घडते त्याचा मोठा वाटा तपासणीचाच असावा. पण सगळा हिशेब त्यात बसत नाही. जठरातले आम्ल घटण्याशी पापण्या ताणण्याचा संबंध लावता येत नाही, विशेषतः थेंबाची ताकद बदलल्यावर निकाल बदलत असेल तेव्हा. तपासणी आटोपून डॉक्टर गेल्यावर काही तासांनी पोट फुगले तर त्याचा माग उजेडापेक्षा औषधाकडेच जास्त सरळ जातो. आणि खरी अडचण अशी, की ‘हे तर अपुऱ्या दिवसांचे बाळ, असे व्हायचेच’ हे उत्तर इतके सोयीचे आहे, की थेंबांचा संशय घेण्याची वेळच येत नाही. केसपेपरवर थेंबांची वेळ आणि संख्या लिहिलेली नसेल तर नंतर शोध घेऊ म्हटले तरी घेता येत नाही. दुष्परिणाम विरळ आहेत असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले किती खरोखर विरळ आणि किती केवळ न नोंदलेले, हे वेगळे करता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप नेत्रतज्ज्ञांकडून येतो. असले काही मासिकातून छापले की आई-बाप घाबरतील, तपासणीला नकार देतील, आणि पोटफुगी टाळण्याच्या नादात मूल आंधळे होईल. ही भीती खोटी नाही. या आजाराचा इतिहासच तिला साक्ष आहे. बोस्टनचे थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये या अंधत्वाचे पहिले वर्णन केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार बाळे त्याने अंध झाली. काचेच्या पेटीत सढळ हाताने सोडलेला प्राणवायू हे कारण असावे, असा संशय मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये व्यक्त केला आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्यानंतर तो खरा ठरवला. मग काय झाले? प्राणवायूच आखडता घेतला गेला. अंधत्व घटले, पण श्वासाअभावी दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढली. केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंदाज मांडला, की वाचलेल्या प्रत्येक नजरेमागे सुमारे सोळा बाळांचा जीव गेला असावा. चूक आधी मोजमापाशिवाय देण्याची होती, आणि नंतर मोजमापाशिवाय तोडण्याची. आज बाळाच्या पायाला बांधलेल्या यंत्रावर प्राणवायूची पातळी क्षणाक्षणाला दिसते आणि तिच्याप्रमाणे प्राणवायू कमी-जास्त करतात. तो वाद पुष्कळसा निवळला तो या मोजण्याने. तेव्हा घाबरलेल्या आई-बापांना सांगायचे ते हे: थेंबाचा त्रास बहुतेकदा काही तासांचा असतो आणि लक्ष ठेवले तर आवरता येतो, आरओपीचे अंधत्व मात्र परत फिरत नाही. पण हे सांगण्यासाठी थेंबाला दुष्परिणामच नाहीत असे भासवण्याची गरज नाही. लपवलेली गोष्ट एखाद्या बाळाला घडली, की त्या वॉर्डातल्या इतर आयांचा विश्वास त्या दिवशीच जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. थेंब पातळ केले तर आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत बाहुली उघडतच नाही. यात तथ्य आहे. डोळ्याच्या रंगीत पडद्यातले काळे रंगद्रव्य ही औषधे धरून ठेवते, त्यामुळे गडद डोळे उशिरा आणि कमी उघडतात, आणि युरोपातल्या फिकट डोळ्यांवर ठरलेले प्रमाण जसेच्या तसे इथे आणून चालत नाही. पण ताकद आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत इथे होते. डोळ्याच्या पापणीआड मोठ्या माणसाच्याही जेमतेम तीस मायक्रोलीटर द्रव मावतो, बाळाच्या तर त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे चाळीस मायक्रोलीटरच्या थेंबातला बहुतांश भाग बाहुलीच्या कामी येतच नाही. तो गालावर जातो नाही तर नाकात. सात-आठ मायक्रोलीटरचा सूक्ष्म थेंब बारीक नळीने किंवा मोजणीच्या पिपेटने घातला तर बाहुली पुरेशी उघडते का, हे ग्रीस आणि न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी तपासले आणि उत्तर होकारार्थी आले. अडीच टक्क्यांचा आठ मायक्रोलीटरचा थेंब घेतला तर दोन्ही डोळ्यांत तीन वेळा घालूनही फिनाइलएफ्रिन सव्वा मिलिग्रॅमच्या आत राहते. वर काढलेल्या बारा मिलिग्रॅमच्या जवळ ते ठेवून पाहावे. गडद डोळ्यांवर मोठ्या संख्येने अशी चाचणी भारतात व्हायला हवी. बाळे इथे, आजार इथे आणि अनुभवी हातही इथे आहेत.

आणि बाहुली उघडत नसेल तर दर वेळी औषधच कमी पडले असे समजू नये. आरओपी जोर धरू लागला की रंगीत पडद्यावरच्या वाहिन्याही फुगतात आणि बाहुली ताठर होते. थेंबांना न जुमानणारी बाहुली हे गंभीर आजाराचे एक ओळखीचे लक्षण आहे. अशा वेळी चौथा, पाचवा, सहावा थेंब घालत बसण्याची ओढ होते, आणि नेमक्या त्याच बाळाला, जे बहुधा वॉर्डातले सर्वांत नाजूक असते, सर्वांत जास्त औषध मिळते. तीन फेऱ्यांनंतर हात थांबवून नेत्रतज्ज्ञाला बोलावणे, हा नियम कागदावर असला तर परिचारिकेलाही आधार मिळतो. नाहीतर डॉक्टर आल्यावर ‘अजून उघडली नाही का?’ हे तिलाच ऐकावे लागते.

गर्दीच्या सरकारी कक्षांत हे सगळे जमणार कसे, असे कुणी विचारील. जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, एकेका परिचारिकेकडे किती बाळे असतात हे ज्याने पाहिलेले आहे त्याला हा प्रश्न उर्मट वाटणार नाही. पण मागणी यंत्रांची नाही. पातळ केलेले थेंब रुग्णालयाच्या औषधशाळेत निर्जंतुक रीतीने, तारीख घालून तयार झाले तर वॉर्डात घाईघाईने सिरिंजने मिसळण्याची आणि त्यात चूक होण्याची, जंतू शिरण्याची शक्यता जाते. थेंब घातल्यावर नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट हलके दाबून धरले तर नाकात उतरणारे औषध कमी होते. गालावर ओघळलेले कापसाने लगेच पुसायला दोन सेकंद लागतात. थेंबांपासून पुढचे काही तास नळीचे दूध सांभाळून देणे, पोटाचा घेर आणि उरलेले दूध पाहणे, हे तर कक्षात एरवीही चालतेच, फक्त त्या दिवशी जरा डोळ्यांत तेल घालून. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या संस्था आणि कर्नाटकात २००८ पासून गावोगावी कॅमेरा घेऊन फिरणारा किड्रॉप हा उपक्रम यांनी तपासणी मोठ्या शहरांबाहेर नेता येते हे दाखवले आहे. तपासणी जाते तिथे थेंबांची शिस्तही तिच्या मागोमाग जाऊ शकते.

सर्वांत कमी लक्ष जाते ते घरी गेलेल्या बाळांकडे. वजन वाढले म्हणून सोडलेले बाळ चौथ्या-पाचव्या आठवड्यात ओपीडीत आणले जाते. तालुक्याहून एसटीने आलेली आई रांगेत बसते, तिच्या बाळाला थेंब पडतात, तपासणी होते आणि शेवटची गाडी गाठायला ती लगेच निघते. कक्षात निदान यंत्र लावलेले असते, एसटीत नसते. हे बाळ मोठे आणि तगडे झालेले असते, म्हणून धोका कमी खरा, पण ज्यांना नुकतेच श्वास विसरण्याचे झटके येऊन गेले त्यांना तास-दोन तास थांबवून, एकदा दूध पाजवून मगच सोडणे शहाणपणाचे. आईला चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: आज बाळाला उजेड टोचेल, डोळे झाकून न्या, दूध थोडे थोडे पाजा, पोट कडक झाले, हिरवी उलटी झाली किंवा ओठ काळे-निळे पडले तर तडक जवळच्या दवाखान्यात जा आणि डोळ्यांत थेंब घातले होते हे तिथे सांगा, आणि पुढच्या तारखेला चुकू नका. ही तारीख एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा येत राहते, दृष्टिपटलाच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत. एकाच बाळाला पाच-सहा वेळाही थेंब पडू शकतात. त्यामुळे पहिल्या खेपेला कोणते थेंब, किती ताकदीचे, किती फेऱ्या, बाहुली किती उघडली आणि त्या रात्री बाळ कसे होते, हे कार्डावर दोन ओळींत लिहिलेले असले, तर पुढच्या खेपेला दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही कमीत कमी किती थेंबांत भागेल ते आधीच कळते.